विश्लेषण : शिक्षण, सत्ता आणि सेवा… जेझुइट संघाच्या पाच शतकांचा हिशेब काय सांगतो?

काही फोनच्या कॅलेंडरमध्ये १५८२ सालचा ऑक्टोबर महिना उघडला, तर ४ तारखेनंतर थेट १५ तारीख दिसते. मधले दहा दिवस गायब! हा सॉफ्टवेअरमधील दोष नाही. जुनी ज्युलियन दिनदर्शिका सूर्याच्या चालीपेक्षा मागे पडत चालली होती. ती दुरुस्त करण्यासाठी पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा दिवस वगळले. मूळ प्रस्ताव इटलीतील वैद्य अलॉयसियस लिलियस यांचा. पण तो तपासणाऱ्या समितीतील प्रमुख गणितज्ञ आणि पुढे त्याची बाजू लढवणारे अभ्यासक होते ख्रिस्तोफर क्लॅव्हियस. ते जेझुइट होते. आज जगभर व्यवहारात असलेल्या दिनदर्शिकेवर या कॅथलिक संघाची अशी छाप आहे. मराठीतील ‘क्रिस्तपुराण’, मुंबईतील सेंट झेवियर्स कॉलेज, पोप फ्रान्सिस आणि तळोजा कारागृहातून रुग्णालयात नेल्यानंतर निधन पावलेले फादर स्टॅन स्वामी, ही नावेही याच संघाशी जोडलेली आहेत. आज सुमारे १४ हजार सदस्य असलेल्या या संघाचा प्रभाव एवढा कसा? आणि त्या प्रभावाची किंमत कोणी मोजली?

जेझुइट म्हणजे नेमके कोण?

‘सोसायटी ऑफ जीझस’ हे या संघाचे अधिकृत नाव. मराठी ख्रिस्ती समाजात तो ‘येशूसंघ’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचे सदस्य ‘येशूसंघीय’ किंवा ‘जेझुइट’. कॅथलिक चर्चमध्ये फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे अनेक धर्मसंघ आहेत. त्यांचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. जेझुइटांमधील पूर्ण दीक्षित सदस्य चौथे व्रतही घेतात. पोप जिथे पाठवतील तिथे धर्मकार्यासाठी जाण्याचे ते व्रत.

या चौथ्या व्रतामुळे संघाची रचनाच बदलली. जुन्या धर्मसंघांत मठ महत्त्वाचा होता. ठरलेल्या वेळी सर्वांनी एकत्र जमून प्रार्थना म्हणायची, ठरलेला पोशाख घालायचा, बराचसा काळ एकाच आवारात काढायचा. जेझुइटांनी सामूहिक प्रार्थनागायनाची सक्ती काढून टाकली आणि वेगळा पोशाखही ठेवला नाही. दोन-दोन वर्षे उत्तर न येणाऱ्या देशात एकट्याने काम करू शकेल असा माणूस त्यांना हवा होता. म्हणून प्रशिक्षण लांबलचक आणि पत्रव्यवहार सक्तीचा. जगभरातील सदस्य रोममधील प्रमुखांना नियमित अहवाल पाठवत. आजच्या भाषेत सांगायचे, तर मुख्यालय एक, शाखा जगभर आणि स्थानिक पातळीवर निर्णयाची बरीच मोकळीक. संघप्रमुखाला ‘सुपिरियर जनरल’ म्हणतात. त्याच्या प्रभावामुळे आणि काळ्या झग्यामुळे युरोपात त्याला ‘काळा पोप’ असे टोपणनाव पडले.

संघाची सुरुवात कशी झाली?

संस्थापक इग्नेशियस लोयोला हे स्पेनमधील बास्क प्रांतातील सरदार घराण्यातले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी येशूचे आणि संतांचे चरित्र वाचले आणि सैनिकी आयुष्य सोडले. पुढे पॅरिस विद्यापीठात शिकताना त्यांना समविचारी मित्र मिळाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात जणांनी एकत्र व्रते घेतली. त्यात एक होते फ्रान्सिस झेवियर. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी संघाला मान्यता दिली. लोयोला १५५६ मध्ये वारले तेव्हा सदस्यसंख्या हजाराच्या घरात गेली होती.

शाळा हेच संघाचे मुख्य काम कसे बनले?

शाळा चालवणे हे मूळ उद्दिष्टात ठळकपणे नव्हते. १५४८ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना शहराने आपल्या मुलांसाठी कॉलेज मागितले आणि खर्चही उचलला. प्रयोग यशस्वी झाला. मग इतर शहरांतून मागण्या येऊ लागल्या. १५९९ मध्ये संघाने ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ हा अभ्यासक्रमाचा आराखडा पक्का केला. कोणत्या इयत्तेत काय शिकवायचे, परीक्षा कशी घ्यायची, शिक्षकाने वर्गात कसे वागायचे, हे सगळे त्यात होते. लिस्बनपासून लिमापर्यंत एकाच धर्तीवर चालणाऱ्या शाळांचे हे पहिल्या काही मोठ्या जाळ्यांपैकी एक.

या शाळांत शिकलेल्यांत तत्त्वज्ञ देकार्त होते, चर्चवर आयुष्यभर तुटून पडलेले व्होल्तेर होते आणि विसाव्या शतकात क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रोही. विज्ञानातही संघाची छाप पडली. चंद्रावरच्या ज्या ‘शांतिसागर’ मैदानात १९६९ साली मानवाचे पहिले पाऊल पडले, त्याला ते नाव रिचिओली आणि ग्रिमाल्दी या दोन जेझुइट खगोलशास्त्रज्ञांच्या १६५१ सालच्या नकाशातून मिळाले.

या शाळांत सहसा शुल्क घेत नसत. मग पैसा कुठून यायचा? राजे, सरदार आणि नगरपालिका देणग्या द्यायच्या, जमिनी द्यायच्या. त्या जमिनींचे उत्पन्न म्हणजे शाळेचे बजेट. शिक्षण मोफत होते, पण त्याचे बिल कोणीतरी भरतच होते. ते कोण, हे गोव्यात स्पष्ट दिसते.

गोव्यात काय घडले?

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी तमिळ किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान गाठले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांचे शव ओल्ड गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकात आहे. ‘गोंयचो सायब’ म्हणून आजही सर्व धर्मांचे लोक तिथे जातात.

या श्रद्धेच्या शेजारीच दुसरा इतिहास आहे. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, नेमण्याची मागणी केली होती. ते न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले. मधला काही वर्षांचा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चालले. ते चालवणारे बहुतांशी इतर संघांचे आणि राजसत्तेचे अधिकारी होते, हे खरे. पण मागणी करणाऱ्यांत झेवियर होते, हेही तितकेच खरे.

तिसवाडीतील देवळे पाडल्यानंतर त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ज्या संस्थेकडे वळवण्यात आले, तिच्यातूनच सेंट पॉल कॉलेज उभे राहिले. तेच पुढे जेझुइटांच्या ताब्यात आले. सासष्टी तालुका धर्मप्रसारासाठी जेझुइटांना दिला गेला आणि १५६७ मध्ये तिथली देवळेही मोठ्या संख्येने पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांत अकबराच्या दरबारातून नुकतेच परतलेले रोदोल्फो अक्वाविवा होते. सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. चर्चच्या इतिहासात ते पाच जण हुतात्मे आहेत आणि कुंकळ्ळीच्या इतिहासात गावप्रमुख. एकाच घटनेची ही दोन स्मारके गोव्यात आजही उभी आहेत.

मराठीशी या संघाचे नाते काय?

भारतातील पहिला छापखाना याच सेंट पॉल कॉलेजात १५५६ मध्ये सुरू झाला. खरे तर ते यंत्र इथिओपियाला जायचे होते. वाटेत गोव्यात उतरले आणि इथेच राहिले.

ऑक्टोबर १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून त्याची नोंद होते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा एकवीस वर्षे होती. फादर स्टीफन्स मराठी आणि कोकणी शिकले आणि सासष्टीतील राशोल इथे १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून आले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. कथा बायबलची, पण बांधणी पुराणाची आणि छंद ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीचा. त्यात मराठी भाषेची जी स्तुती आहे, ती मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांच्या कानावरून गेलेली असते. देवनागरीचे खिळे गोव्यात उपलब्ध नसल्याने हे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढच्या पिढ्यांकडे ते हस्तलिखितांतून आले आणि १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले गेले. स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते.

हे प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण ‘क्रिस्तपुराणा’ची गरज का पडली, हेही पाहायला हवे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथ्या वाचायला बंदी होती. पोथी ऐकायची सवय मात्र सुटत नव्हती. त्या रिकाम्या जागेसाठी ही नवी पोथी लिहिली गेली. हिरावण्याचे आणि देण्याचे काम एकाच सत्तेच्या छायेत चालले होते.

अकबराच्या आणि चीनच्या दरबारात जेझुइट काय करत होते?

संघाचे धोरण साधे होते. राजाला पटले की प्रजा मागोमाग येईल. अकबराने बोलावल्यावरून १५८० मध्ये तीन जेझुइट फतेहपूर सिक्रीला पोहोचले. बादशहाने त्यांच्याकडून बायबल स्वीकारले, मौलवींशी त्यांचे वाद ऐकले, पण धर्म बदलला नाही. त्यांच्यापैकी आंतोनियो मोन्सेरात यांनी लिहिलेला वृत्तान्त आज मुघल इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

चीनमध्ये मात्तेओ रिची १६०१ मध्ये बीजिंगला पोहोचले. घड्याळे, नकाशे आणि गणित यांच्या जोरावर त्यांनी विद्वान अधिकाऱ्यांत स्थान मिळवले. शू ग्वांगची या चिनी विद्वानाबरोबर त्यांनी युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड १६०७ मध्ये चिनी भाषेत आणले. पूर्वजांना वंदन करण्याची चिनी प्रथा ही मूर्तिपूजा नसून कौटुंबिक आदर आहे, अशी भूमिका रिची यांनी घेतली. दक्षिण भारतात रॉबर्टो दे नोबिली यांनी १६०६ पासून मदुराईत संन्याशाची वस्त्रे, शाकाहार, जानवे आणि संस्कृतचा अभ्यास स्वीकारला.

स्थानिक संस्कृतीला मान देण्याचा हा प्रयोग त्या काळासाठी धाडसी होता. इतर संघांनी त्याला विरोध केला. दीर्घ वादानंतर रोमने १७४२ मध्ये चिनी प्रथांवर कायमची बंदी घातली आणि ती १९३९ मध्ये उठवली. पण नोबिलींच्या मार्गाची एक किंमत होती. उच्चवर्णीयांना जवळ करायचे म्हणून त्यांनी जातीची चौकट मान्य केली. वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळे धर्मगुरू, अशी व्यवस्था उभी राहिली. चर्चमध्ये जात कशी शिरली, या आजच्या दलित ख्रिस्ती चळवळीच्या प्रश्नाची एक मुळी इथे आहे.

मग पोपनेच संघ बरखास्त का केला?

दरबारात बसणाऱ्याला दरबारातूनच उठवले जाते, तसे झाले. दक्षिण अमेरिकेत पराग्वे परिसरात जेझुइटांनी ग्वारानी आदिवासींच्या सुमारे तीस वसाहती उभारल्या होत्या. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून तिथे संरक्षण होते, शेती सामुदायिक होती, संगीत आणि छपाई होती. अंमल मात्र धर्मगुरूंचाच होता. १७५० मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने आपापसात सीमा बदलली आणि सात वसाहतींना घरे सोडायला सांगितले. ग्वारानी लढले आणि १७५६ मध्ये चिरडले गेले. या प्रतिकारामागे जेझुइट आहेत, असा ठपका पोर्तुगालचे पंतप्रधान पोंबाल यांनी ठेवला.

१७५९ मध्ये पोर्तुगालने संघाला हद्दपार केले. गोव्यातील जेझुइटांनाही अटक करून जहाजाने लिस्बनला पाठवण्यात आले. फ्रान्समध्ये मार्टिनिक बेटावरील एका जेझुइटाच्या व्यापारातील दिवाळखोरीचे प्रकरण कोर्टात गेले आणि १७६४ मध्ये तिथेही बंदी आली. १७६७ मध्ये स्पेनने तेच केले. अखेर राजांच्या दबावापुढे पोप चौदावे क्लेमेंट झुकले आणि २१ जुलै १७७३ च्या आदेशाने संघच बरखास्त झाला. तेव्हा सदस्य होते सुमारे २३ हजार. संघप्रमुख लोरेन्झो रिची यांना रोममधील सांत आंजेलो किल्ल्यात डांबण्यात आले. १७७५ मध्ये ते तिथेच वारले. पोपच्या आज्ञेत राहण्याचे खास व्रत घेतलेल्या संघाला पोपच्याच आज्ञेने मोडण्यात आले.

गंमत म्हणजे संघ तगला तो कॅथलिक नसलेल्या रशियात. सम्राज्ञी कॅथरीनला शाळा हव्या होत्या, म्हणून तिने पोपचा आदेश लागूच होऊ दिला नाही. ७ ऑगस्ट १८१४ रोजी पोप सातवे पायस यांनी संघाचे पुनरुज्जीवन केले.

संघाच्या इतिहासातील सर्वांत मोठे डाग कोणते?

१८३८ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष आणि मुलांना लुइझियानातील मळेवाल्यांना सुमारे १ लाख १५ हजार डॉलरना विकले. त्या पैशांचा एक भाग जॉर्जटाउन विद्यापीठाचे कर्ज फेडायला गेला. गोव्यातला प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. शिक्षणाचे बिल कोणी भरले? २०१७ मध्ये संघाने आणि विद्यापीठाने वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. २०२१ मध्ये संघाने त्यांच्यासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे आश्वासन दिले.

दुसरा डाग अलीकडचा आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातील जेझुइट प्रांताने २०११ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या सुमारे ५०० पीडितांसाठी १६ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली. पीडितांत मूलनिवासी समाजातील अनेक जण होते. ज्यांच्या सेवेसाठी गेलो असे सांगितले जात होते, त्यांच्याच मुलांना सर्वाधिक झळ बसली. २०२३ मध्ये नामांकित मोझेइक कलावंत मार्को रुपनिक यांना अनेक महिलांच्या आरोपांनंतर संघातून काढण्यात आले. मात्र तक्रारी असूनही ही कारवाई इतक्या उशिरा का, हा प्रश्न कायम आहे.

मुंबई-पुण्यात आणि महाराष्ट्रात काय उभे राहिले?

पुनरुज्जीवनानंतर, १८५०च्या दशकात जर्मन जेझुइट मुंबईत आले. पुण्यातील सेंट व्हिन्सेंट्स शाळा १८६७ मधली, तर मुंबईतील सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मधले. १८७२ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने या संघावर बंदी घातली, तेव्हा हेच जर्मन इथे मात्र कॉलेज चालवत होते. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ब्रिटिशांनी त्यांना हटवले आणि पुढे त्यांची जागा स्पॅनिश जेझुइटांनी घेतली.

त्यांच्यातील काहींनी इथल्या ज्ञानात भर घातली. फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये झेवियर्समध्ये इतिहास संशोधन संस्था काढली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फादर ब्लाटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची तपशीलवार नोंद केली आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. रांचीतील बेल्जियन जेझुइट कामिल बुल्के यांनी रामकथेवर हिंदीत प्रबंध लिहिला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

शहराबाहेरची कहाणी कमी ऐकली जाते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांत जेझुइटांचे काम मुख्यतः दलित समाजात होते. तिथूनच १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. मराठीतील दीर्घकाळ चाललेल्या नियतकालिकांत त्याची गणना होते. याच जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांना पाणलोट विकासाची वाट दाखवली. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, चराईबंदी पाळायची आणि निर्णय गावाने घ्यायचा, ही पद्धत होती. १९९३ मध्ये त्यातून ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे त्याचे उदाहरण म्हणून दाखवली जातात.

१९७५ मध्ये असे काय बदलले?

बदलाचे नाव पेद्रो अरुपे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा हे स्पॅनिश जेझुइट शहराच्या वेशीवरच्या प्रशिक्षण केंद्रात होते. वैद्यकीय शिक्षण झालेल्या अरुपे यांनी त्या केंद्राचेच रुग्णालय केले. १९६५ मध्ये ते संघप्रमुख झाले. १९७३ मध्ये व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांसमोर त्यांनी विचारले, आम्ही तुम्हाला न्यायासाठी उभे राहायला शिकवले का? उत्तरही त्यांनीच दिले, नाही. श्रोत्यांत सधन कुटुंबांतील लोक होते. काहींनी संघटनेचे राजीनामे दिले.

१९७५ मध्ये संघाच्या सर्वोच्च सभेने ठराव केला, की श्रद्धेच्या सेवेत न्यायासाठीचा आग्रह अनिवार्य आहे. चार शतके राजाच्या कानाशी असलेल्या संघाने आपली खुर्ची हलवण्याचे ठरवले. त्याचे परिणाम लगेच दिसले. व्हॅटिकनला यात मार्क्सवादाचा वास आला. १९८१ मध्ये अरुपे पक्षाघाताने आजारी पडताच पोप दुसरे जॉन पॉल यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून आपला प्रतिनिधी नेमला. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वाडोरमध्ये लष्कराने विद्यापीठाच्या आवारात घुसून सहा जेझुइट, त्यांची मदतनीस आणि तिची मुलगी यांना ठार केले. २०२० मध्ये स्पेनच्या न्यायालयाने या प्रकरणी माजी कर्नल इनोसेंते मोंतानो यांना १३३ वर्षांची शिक्षा सुनावली.

स्टॅन स्वामी प्रकरण या इतिहासात कुठे बसते?

तमिळनाडूत जन्मलेले फादर स्टॅन स्वामी याच बदललेल्या संघाचे. झारखंडमध्ये त्यांनी आदिवासींच्या जमिनीचे हक्क, विस्थापन आणि खटला न चालता तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांच्या प्रश्नावर काम केले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली अटक केली. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला होता. पार्किन्सन्समुळे हात थरथरत असल्याने स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्यात आले. जामिनाचा प्रश्न प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आरोप खरे की खोटे, हे खटल्यात ठरायला हवे होते. तो उभाच राहिला नाही. खटल्याविना तुरुंगात असलेल्यांसाठी झगडणारा माणूस खटल्याविना गेला, एवढे मात्र निर्विवाद आहे.

आज संघाचा प्रभाव किती उरला आहे?

१९६५ मध्ये सदस्यसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. आज ती निम्म्याहूनही कमी आहे. युरोपातील प्रशिक्षण केंद्रे ओस पडत असताना सदस्यांचा मोठा वाटा आता दक्षिण आशियातून येतो. २०१३ मध्ये अर्जेंटिनाचे खोर्खे बेर्गोलियो पोप फ्रान्सिस झाले. या संघातून आलेले ते पहिले पोप. गरीब, निर्वासित आणि पर्यावरण हे त्यांनी कारकिर्दीचे विषय केले. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये व्हेनेझुएलाचे आर्तुरो सोसा हे संघाचे पहिले बिगरयुरोपीय प्रमुख झाले.

भारतात या संघाचे नाव निघते ते प्रामुख्याने जूनमध्ये, प्रवेशाच्या यादीच्या वेळी. मुंबईतील झेवियर्स, चेन्नईतील लोयोला, जमशेदपूरचे एक्सएलआरआय या संस्थांत मुलाला प्रवेश मिळाला की घरात पेढे वाटले जातात. धर्म कोणताही असो, या शिक्षणावर मध्यमवर्गाचा विश्वास आहे. पण त्याच संघाचा माणूस आदिवासींच्या जमिनीबद्दल बोलू लागला, की तोच वर्ग गप्प होतो किंवा संशयाने पाहतो. आपल्याला त्यांचे इंग्रजी हवे आहे, शिस्त हवी आहे, प्लेसमेंट हवी आहे. अरुपे यांनी विचारलेला प्रश्न मात्र नको आहे.

हा प्रश्न संघालाही सुटलेला नाही. नामांकित कॉलेजातील वर्ग आणि रांचीच्या वेशीवरचे सामाजिक केंद्र, दोन्ही एकाच संघाची. पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या कामाला बळ देते की त्याला झाकून टाकते, याचे उत्तर त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी काय केले यावरून मिळेल. पाच शतकांचा हिशेब एवढे नक्की दाखवतो, की हा संघ सत्तेच्या जवळ होता तेव्हा त्याने ज्ञान पसरवले, पण किंमत इतरांनी मोजली. कधी देवळाच्या जमिनीने, कधी गुलामांच्या विक्रीने. तो सत्तेपासून दूर, दुबळ्यांच्या बाजूला गेला तेव्हा मात्र किंमत त्याच्याच माणसांनी मोजली. कोणतीही शिक्षणसंस्था, मग ती धर्माची असो, सरकारची असो वा कॉर्पोरेट, किती मोठी झाली याबरोबरच तिचे बिल कोण भरते आहे, हेही विचारले पाहिजे.